मुका मार आणि मूत्रपिंडे

पावसाळ्यात मातीची भिंत खचते. विहीर खणताना दरड कोसळते. उसाची ट्रॉली उलटते आणि तिच्याखाली माणूस सापडतो. हाक ऐकून गाव धावते. टिकाव, पहार, फावडे, जे हाताला लागेल ते घेऊन लोक ढिगारा उपसतात. चार-पाच तासांनी माणूस जिवंत बाहेर निघतो. तो बोलतो. पाणी मागतो. "मला काही झालं नाही, पाय तेवढा बधिर झालाय," असेही म्हणतो. जखम मोठी नसते. हाड मोडलेले दिसत नाही. रक्त फारसे गेलेले नसते. मग लोक म्हणतात, "देवानेच वाचवला. मुका मार आहे. हळद लावा, शेक द्या, उतरेल."

दुसऱ्या दिवशी पाय टम्म सुजतो. लघवी काळपट होते, मग थोडी होते, मग होतच नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस ग्लानीत जातो, आणि ढिगाऱ्यातून सुटलेला माणूस घरच्या खाटेवर दगावतो. मार पायाला लागला होता आणि बंद पडली ती मूत्रपिंडे. मूत्रपिंड म्हणजे ज्याला हल्ली सारे किडनी म्हणतात ते.

पायाचा आणि मूत्रपिंडाचा संबंध काय? आणि कोणाची मूत्रपिंडे बंद पडणार हे आधी ओळखता येते का? ओळखता येते. पुष्कळ अंशी येते. कसे, ते आता पाहू.

मांसातून रक्तात काय उतरते

आपल्या मांड्या, पोटऱ्या, दंड, पाठ हे सारे स्नायूंचे बनलेले आहे. स्नायू म्हणजे मांस. हे मांस बारीक बारीक पेशींचे असते. पेशी म्हणजे पातळ कातड्याची, डोळ्यांना न दिसणारी पिशवी समजा. या पिशवीत शक्तीचा साठा असतो, क्षार असतात, आणि एक तांबूस पदार्थ असतो. मांसाला लाल रंग येतो तो बराचसा याच पदार्थामुळे. त्याला मायोग्लोबिन म्हणतात. नाव अवघड आहे, पण पुढे कामाला येणार आहे, म्हणून एकदा मोठ्याने वाचा.

पायावर तासन्‌तास दगड पडून राहिला की या पिशव्या फुटतात. दगडाने दाबून फुटतात, आणि रक्त न मिळाल्यामुळेही फुटतात. दगड आहे तोवर फुटलेला माल पायातच अडकून राहतो. म्हणून आत अडकलेला माणूस धड बोलत असतो. दगड उचलला की रक्त पुन्हा पायात वाहू लागते. पाटाचे दार उघडल्यावर तुंबलेला गाळ जसा पाण्याबरोबर वाहत येतो, तसा तो सारा माल एकदम अंगभर पसरतो.

त्यात दोन वस्तू फार वाईट. एक पोटॅशियम नावाचा क्षार. तो पेशीच्या आत असतो तोपर्यंत गुणाचा असतो. रक्तात एकदम वाढला तर हृदयाचे ठोके बिघडवतो, कधी हृदय थांबवतोही. बाहेर काढल्यावर थोड्याच वेळात हसता-बोलता माणूस गेला असे जे भूकंपात दिसते, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

दुसरी वस्तू मायोग्लोबिन. आता मूत्रपिंडाचे काम आठवा. कमरेच्या वर, पाठीकडे, कण्याच्या दोन्ही अंगांना एक-एक मूत्रपिंड असते. आकार आपल्या मुठीएवढा. पण एकेका मूत्रपिंडात सुमारे १० लाख बारीक गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणीला केसाहून बारीक नळी असते. दिवसभरात या गाळण्या रक्तातले सुमारे १८० लिटर पाणी गाळतात. म्हणजे पंधरा लिटरच्या बारा घागरी झाल्या. त्यातले जवळजवळ सगळे शरीर परत घेते, आणि दीड-दोन लिटर तेवढी लघवी होऊन बाहेर पडते.

फुटलेल्या मांसातले मायोग्लोबिन या नळ्यांत येते. ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना हे लगेच कळेल. विहिरीचे पाणी गढूळ असले की ठिबकच्या नळीची छिद्रे बुजतात. पाण्याचा जोर कमी असला की आणखी लवकर बुजतात. इथेही तेच होते. कारण चेंगरलेला पाय सुजतो तो अंगातलेच पाणी ओढून सुजतो. एका मांडीत कित्येक लिटर पाणी जाऊन बसते. रक्तातले पाणी आटते, मूत्रपिंडाकडे येणारा प्रवाह मंदावतो, आणि घट्ट झालेल्या, आंबट झालेल्या लघवीत हा तांबूस गाळ साखळतो. शिवाय मायोग्लोबिन नळीच्या आतल्या अस्तरालाही इजा करते. नळ्या तुंबतात आणि लघवी बंद होते.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. प्रवाह वेळेवर वाढवला तर गाळ वाहून जातो. सारा उपचार या एका गोष्टीवर उभा आहे.

हे कोणाला प्रथम कळले

१९४० च्या सप्टेंबर महिन्यात जर्मनीची विमाने लंडन शहरावर बाँब टाकू लागली. रात्रीमागून रात्री घरे पडत होती आणि माणसे विटांखाली गाडली जात होती. लंडनच्या हॅमरस्मिथ इस्पितळात एरिक बायवॉटर्स नावाचे तरुण डॉक्टर काम करीत होते. त्यांना आणि त्यांचे सहकारी डेसमंड बील यांना एक विलक्षण प्रकार दिसला. हात किंवा पाय कित्येक तास दबून राहिलेली माणसे बऱ्या स्थितीत आत यायची. मग तो अवयव सुजायचा, रक्तदाब उतरायचा. उपचारांनी रक्तदाब सावरायचा, सगळ्यांना हायसे वाटायचे. पण लघवी काळपट आणि थोडी होत जायची. आठवड्याभरात रोगी जायचा. मृत्यूनंतर मूत्रपिंडे तपासली तर नळ्यांत तपकिरी गाळ साखळलेला दिसायचा.

अशा चार रोग्यांची हकिगत त्यांनी १९४१ च्या मार्च महिन्यात ब्रिटिश मेडिकल जर्नल या साप्ताहिकात छापली. चौघेही वाचले नव्हते. बाहेर बाँब पडत असताना या डॉक्टरांनी रोज किती लघवी झाली, तिचा रंग काय, रक्तात काय वाढले, हे कागदावर लिहून ठेवले. ते लिहिले नसते तर चार मृत्यू युद्धातल्या हजारो मृत्यूंत मिसळून गेले असते. तो तपकिरी गाळ मांसातला आहे हे पुढच्या काही वर्षांत बायवॉटर्स यांनीच दाखवून दिले. ढिगाऱ्यातून काढण्याच्या आधीपासूनच अशा माणसाला भरपूर पाणी द्यावे हा विचारही तेव्हाच पुढे आला.

आपल्या महाराष्ट्रातला किल्लारीचा भूकंप पुष्कळांना आठवत असेल. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक झोपले होते, आणि पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबादची गावे जमीनदोस्त झाली. सुमारे दहा हजार माणसे गेली. तिथली घरे दगड-मातीची, भिंती हात-दोन हात जाड, वर मातीचे जड माळवद. अशी घरे उन्हाळ्यात गार राहतात, पण पडली की सारे वजन माणसावर येते. अशी घरे आपल्या राज्यात अजून पुष्कळ आहेत. म्हणून हा धडा नुसता लंडनचा समजू नका.

तुर्कस्तानात १७ ऑगस्ट १९९९ ला पहाटे मोठा भूकंप झाला. सतरा हजारांहून अधिक माणसे मेली. तिथल्या डॉक्टरांनी नीट नोंद ठेवली. चेंगरल्यामुळे मूत्रपिंडे बिघडलेले ६३९ रोगी इस्पितळांत आले. त्यांतल्या ४७७ जणांचे रक्त यंत्राने शुद्ध करावे लागले, म्हणजे डायलिसिस करावे लागले. शंभरांत पंचाहत्तर झाले की हो! पुढे १ मे २००३ ला त्याच देशात बिंगोल या भागात भूकंप झाला. या वेळी डॉक्टर शहाणे झाले होते. १६ चेंगरलेल्या रोग्यांना लवकर आणि भरपूर सलाईन दिले. त्यांतल्या फक्त ४ जणांना डायलिसिस लागले. हे दोन आकडे एकाच तराजूत घालता येणार नाहीत. पहिल्या आकड्यात मूत्रपिंडे आधीच बिघडलेले रोगी मोजले आहेत, दुसऱ्यात सारे चेंगरलेले. तरीसुद्धा लवकर दिलेल्या पाण्याचा गुण त्यातून दिसतो.

नुसता ढिगाराच नव्हे

मांस फुटण्याची कारणे आणखी आहेत. काठ्यांचा खूप मार बसला, अंगावर वळ उठले पण रक्त आले नाही, तरी आत मांस फुटलेले असते. विजेचा मोठा झटका बसला तर फुटते. गांधीलमाश्यांचे मोहोळ अंगावर येऊन शेकडो डंख झाले तर फुटते. समुद्रसापाच्या विषाने फुटते, हे कोकणातल्या मासेमारी करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. दारू पिऊन माणूस रात्रभर एकाच कुशीवर हात अंगाखाली घेऊन पडला तर त्या हाताचेही तेच होते. वैशाखाच्या उन्हात ऊष्माघात झाला तर होते. केस काळे करण्याचा कलप पोटात गेला तर मांस फुटते आणि मूत्रपिंडेही जातात. रागाच्या भरात कोणी कलप पिऊन बसले तर "रंगच तर आहे" म्हणून घरी ठेवू नका.

आणि अंगाला सवय नसताना एकदम अति मेहनत केली तरी होते. भरतीच्या तयारीला लागलेला मुलगा पहिल्याच दिवशी पाचशे बैठका मारतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याला जिना उतरता येत नाही. बहुतेकांचे दुखणे चार दिवसांत जाते. पण लघवी काळी झाली तर ते नुसते अंग आंबणे नव्हे. शाळेत पूर्वी शंभर-शंभर उठाबशांची शिक्षा देत असत. मी जन्मभर शाळेतच काढला, म्हणून सांगतो, ती शिक्षा वाईट होती. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने शाळेत मुलांना अशी शारीरिक शिक्षा करायला बंदी घातली, हे बरे झाले.

आधी ओळखायचे कसे

आता खऱ्या मुद्द्याकडे येऊ. मांस फुटलेल्या प्रत्येकाची मूत्रपिंडे बंद पडत नाहीत. मग कोणाची पडतील हे डॉक्टर कसे सांगतात?

पहिली खूण लघवीची. मायोग्लोबिन उतरले की लघवी कोऱ्या चहासारखी, कधी त्याहून काळी होते. ही खूण अडाण्यालाही दिसते. दवाखान्यात लघवीत एक कागदी पट्टी बुडवतात. पट्टीचा रंग बदलतो आणि ती "रक्त आहे" असे दाखवते. मग तीच लघवी सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिली तर रक्ताच्या पेशी दिसत नाहीत. पट्टीला रक्तातला लाल पदार्थ आणि मांसातला लाल पदार्थ यांतला फरक कळत नाही. पट्टी म्हणते रक्त आहे, यंत्र म्हणते पेशी नाहीत. दोन्ही एकत्र केले की डॉक्टर ओळखतात, हे मांसातले असावे.

पण ही खूण काही तासांत निघून जाऊ शकते. लघवी साफ दिसली म्हणजे धोका टळला असे मुळीच नाही. म्हणून रक्त तपासतात. फुटलेल्या मांसातून रक्तात आणखी एक द्रव्य येते. तपासणीच्या कागदावर त्याला सी.पी.के. लिहितात. निरोगी माणसात ते साधारण दोनशेच्या आत असते. मांस फुटले की हजारांत जाते, कधी लाखावर जाते. ते पहिल्या एक ते तीन दिवसांत सर्वांत जास्त असते, मग हळूहळू उतरते. पाच हजारांच्या वर गेले की डॉक्टर सावध होतात.

मग ज्याचे सी.पी.के. जास्त त्याला धोका जास्त, एवढाच हिशेब का? नाही ना! इथेच पुष्कळ जण फसतात. सी.पी.के. किती मांस फुटले ते सांगते. मूत्रपिंडांना ते झेपेल की नाही, हे ते एकटे सांगू शकत नाही.

२०१३ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरातल्या डॉक्टरांनी यावर एक रीत छापली. त्यांनी दोन मोठ्या इस्पितळांतल्या दोन हजारांहून अधिक रोग्यांचे कागद तपासले. सगळ्यांचे सी.पी.के. पाच हजारांच्या वर गेलेले होते. त्यांतल्या कोणाला डायलिसिस लागले आणि कोण दगावले ते पाहिले. आल्या वेळी त्यांच्या रक्तात काय काय होते तेही पाहिले. त्यावरून त्यांनी गुण ठरवले. परीक्षेत देतात तसेच गुण, पण इथे जास्त गुण मिळवणारा संकटात.

गुण असे. वय पन्नासच्या पुढे सत्तरपर्यंत असले तर दीड, सत्तरच्या पुढे ऐंशीपर्यंत अडीच, त्याहून जास्त असले तर तीन. रोगी बाई असली तर एक. क्रिएटिनिन म्हणून रक्तातला एक कचरा आहे. मूत्रपिंडे तो रोज बाहेर टाकतात. निरोगी माणसात तो साधारण एकच्या आसपास असतो. तो १.४ ते २.२ असला तर दीड गुण, त्याहून वर गेला तर तीन. फॉस्फेट नावाचा क्षार फुटलेल्या मांसातून येतो. तो ४ ते ५.४ असला तर दीड, पुढे गेला तर तीन. चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम, हा उलट रक्तातून फुटलेल्या मांसात जाऊन बसतो, म्हणून तो साडेसातच्या खाली आला तर दोन. खाण्याच्या सोड्याच्या जातीचा एक क्षार रक्तातला आंबटपणा मारतो. तो एकोणीसच्या खाली गेला तर दोन. सी.पी.के. चाळीस हजारांच्या वर असले तर दोन. शेवटी कारण. झटके येणे, चक्कर येऊन पडणे, अति व्यायाम, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या किंवा स्नायूंची सूज यांमुळे मांस फुटले असेल तर शून्य. चेंगरणे किंवा दुसरे काही कारण असेल तर तीन.

बेरीज पाचच्या आत आली तर धोका फार थोडा, शंभरांत दोन-तीन जणांना. दहाच्या वर गेली तर निम्म्याहून अधिक रोग्यांना एक तर डायलिसिस लागले किंवा ते दगावले.

आता एक हिशेब करू. पाटी-पेन्सिल घेतलीत तर उत्तम. समजा, पंचवीस वर्षांचा एक तरुण अति बैठका मारून आला. त्याचे सी.पी.के. ६० हजार. आकडा ऐकूनच घरचे घाबरले. पण बाकी सारे ठीक. क्रिएटिनिन एक, बाकीचे क्षार जागेवर. त्याला गुण किती? सी.पी.के.चे दोन, आणि बाकी शून्य. बेरीज दोन.

समजा, दुसरी एक अठ्ठावन्न वर्षांची बाई. भिंतीखाली सापडली होती. तिचे सी.पी.के. ३० हजार, म्हणजे तरुणाच्या निम्मे. पण वयाचे दीड, बाई म्हणून एक, कारणाचे तीन. क्रिएटिनिन दोन आहे, त्याचे दीड. फॉस्फेट ५.८, त्याचे तीन. सोड्याच्या जातीचा क्षार सतरा, त्याचे दोन. कॅल्शियम आठ आहे, त्याचे काही नाही. करा बेरीज. बारा आले ना? ज्या बाईचे सी.पी.के. कमी, तिलाच जास्त जपले पाहिजे. एकाच आकड्यावर बसून राहिले तर डॉक्टरांचे सारे लक्ष त्या मुलाकडे गेले असते.

मात्र ही रीत अमेरिकेतल्या शहरी इस्पितळांतली आहे. ती भूकंपाच्या छावणीत बसून केलेली नाही. म्हणून डॉक्टर ती मदतीला घेतात, तिच्यावरच सारे सोपवत नाहीत. आणि तरुणाला दोनच गुण आले म्हणून त्याला लगेच घरी पाठवत नाहीत. त्यालाही पाणी देतात, दुसऱ्या दिवशी रक्त पुन्हा तपासतात.

आपल्या हातात काय आहे

रक्त तपासणे आपल्या हाती नाही. वेळ पाहणे आणि लघवी पाहणे आपल्या हाती आहे.

माणूस दबला आहे असे कळले की १०८ नंबरला फोन करा. सांगताना "माणूस दगडाखाली दबलाय, इतका वेळ झालाय" हे सांगा. किती वाजता दबला आणि किती वाजता सुटला, हे लिहून ठेवा. आता तुम्हाला लिहिता येते. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतील, आणि गोंधळात तो कोणालाच आठवत नाही.

आधी तोंड, डोके आणि छाती मोकळी करा. श्वास चालला पाहिजे. मांडी किंवा पाय तासाभराहून जास्त वेळ दबलेला असेल आणि डॉक्टर तिथे पोहोचलेले असतील, तर ते आत अडकलेल्या माणसालाच सलाईन लावतील आणि मग दगड उचलू देतील. त्यांना तसे करू द्या. "आधी काढा, मग सुई लावा," अशी घाई करू नका. डॉक्टर नसतील तर मात्र त्यांची वाट पाहत माणसाला दगडाखाली ठेवू नये. सोडवावे आणि तसेच थेट मोठ्या इस्पितळात न्यावे. तो चालतो म्हणाला तरी चालवू नये.

सुजलेल्या पायाला मालीश करू नका. चोळल्याने फुटलेले मांस सुधारत नाही. घट्ट पट्टे बांधू नका. रक्त धो-धो वाहत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे दाबून रक्त थांबवलेच पाहिजे. दुखण्याच्या गोळ्या दुकानातून आणून देऊ नका. त्यांतल्या पुष्कळ गोळ्या मूत्रपिंडांना वाईट असतात.

आणि शहाळे! आजाऱ्याला पाहायला जाताना शहाळे, केळी, मोसंबी नेण्याची आपली रीत आहे. एरवी चांगली आहे. पण शहाळ्याच्या पाण्यात आणि या फळांत पोटॅशियम भरपूर असते, आणि या रोग्याच्या रक्तात ते आधीच वाढलेले असते. डॉक्टर "चालेल" म्हणेपर्यंत ती पिशवी घरीच राहू द्या. इस्पितळ लांब असेल, रोगी पूर्ण शुद्धीत असेल, उलटी होत नसेल आणि पोटाला मार लागलेला नसेल, तर वाटेत साध्या पाण्याचे घोट द्यायला हरकत नाही. खाण्याचा सोडा मात्र घरच्या घरी पाजू नका. तो द्यायचा की नाही, किती, ते रक्त पाहून ठरवायचे असते.

लघवी झाली तर स्वच्छ बाटलीत धरून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. किती वाजता झाली तेही लिहा. मोठ्या माणसाला सहा तासांत पेलाभरही लघवी झाली नाही, किंवा दिवसभरात दोन पेल्यांहून कमी झाली, तर मूत्रपिंडे मागे पडू लागली आहेत असे समजावे. इस्पितळात यासाठीच लघवीच्या जागी नळी घालतात आणि खाली पिशवी लावतात. ती पाहून नातेवाईक घाबरतात. कोणी तर काढून टाका म्हणून भांडतात. पण त्या पिशवीवर रेघा असतात आणि नर्स तासातासाला त्या पाहते. सलाईन वाढवायचे की आवरायचे, हे त्या रेघांवरून ठरते. लघवी वाहत असेल तोवर पाणी भरपूर देतात. मूत्रपिंडे बंदच पडली असतील तर तेच पाणी छातीत साठून दम लागतो. म्हणून "एवढीच बाटली का लावली?" असे डॉक्टरांना दरडावून विचारण्यात अर्थ नाही.

डायलिसिस म्हटले की

एवढे करूनही काहींची मूत्रपिंडे बंद पडतातच. मग डायलिसिस. हा शब्द ऐकला की घरात रडारड सुरू होते. "एकदा यंत्राला लावला की जन्मभर लावावे लागते, शेत विकावे लागेल, त्यापेक्षा घरी नेऊ," असे कोणीतरी वडीलधारा म्हणतो. या बोलण्यापायी वाचणारी माणसे घरी नेली जातात.

वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने किंवा रक्तदाबाने मूत्रपिंडे झिजली, तर यंत्र बहुधा जन्माचे होते. ते खरे आहे. पण चेंगरल्यामुळे बंद पडलेली मूत्रपिंडे तुंबलेली आणि दुखावलेली असतात. नळीचे अस्तर पुन्हा उगवते. बहुतेक रोग्यांना यंत्र काही दिवस किंवा काही आठवडे लागते. मग एके दिवशी लघवी वाढू लागते. कधी कधी तर दिवसाला चार-पाच लिटर होते, त्यालाही घाबरू नये. यंत्राने मूत्रपिंडे दुरुस्त होत नाहीत, पण ती आपणहून सावरेपर्यंत यंत्र रक्त साफ ठेवते. बायवॉटर्स यांच्या पहिल्या चार रोग्यांच्या वेळी असे यंत्र नव्हते. पुढे विलेम कोल्फ नावाच्या हॉलंडमधल्या डॉक्टरांनी युद्धाच्या दिवसांतच ते तयार केले, आणि युद्ध संपल्यावर आपले एक यंत्र लंडनच्या त्याच हॅमरस्मिथ इस्पितळाला पाठवले.

आपल्याकडे २०१६ पासून केंद्र सरकारच्या योजनेतून जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसची सोय केलेली आहे. गरीब कुटुंबाला त्याचे पैसे पडत नाहीत. जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवा. तालुक्याच्या दवाखान्यातच डॉक्टरांना विचारा, "यंत्र लागलं तर कुठं आहे? आत्ताच तिथं नेऊ का?" लघवी बंद झाल्यावर विचारण्यापेक्षा आधी विचारलेले बरे. तीस-चाळीस कोसांची वाट असेल तर पोटॅशियम वाढलेल्या रोग्याला ती वाटेतच महागात पडते.

रोगी घरी आला म्हणजे पाय बारीक झालेला असतो, चालायला वेळ लागतो. सुमारे तीन महिन्यांनी क्रिएटिनिन पुन्हा तपासायला डॉक्टर बोलावतात. त्या वेळी आधीचे सारे कागद बरोबर न्यायचे. कारण आजचा आकडा चांगला की वाईट, हे त्यांना मागचा आकडा पाहूनच सांगता येते.